टाचा बघणारी आत्या

थंडी पडली की आमच्या घरात काचेच्या बरण्या दिसू लागतात. ओठांना एक, गालांना एक, हातांना तिसरीच. मागच्या आठवड्यात सुनेनं माझ्यापुढेही एक आणून ठेवली. गुलाबी मलम, वर गुलाबाचा वास. "टाचांना लावा बाबा, मऊ होतात," म्हणाली. बिचारी प्रेमानं म्हणाली आणि मी तिच्यावर खेकसलो. दिवसभर घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. टाचांचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. का फिरतं ते आजवर कुणाला सांगितलं नाही, आज सांगतो.

सगळा दोष आमच्या घरमालकिणीचा. निदान इतकी वर्षं मी तो तिच्यावर ढकलत आलो आहे.

साल एकोणीसशे सव्वीस असेल. मी तेवीस वर्षांचा होतो. माझं गाव पालीकडचं, भातशेतीचं. धरमतरच्या खाडीकाठी एका गावात शाळामास्तर म्हणून नेमणूक झाली आणि दिवाळी संपल्यावर ट्रंक घेऊन मी तिथे उतरलो. गावाच्या एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला माडांच्या वाड्या आणि मध्ये घरं. एका एकट्या बाईकडे पुढची खोली रिकामी आहे असं कळलं. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. ती कुणाची आत्या होती हे मला तीन वर्षांत कळलं नाही.

मी गेलो तेव्हा ती ओटीवर बसून कोकमाच्या बिया फोडत होती. साठीची, काटकुळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मी नमस्कार केला, नाव सांगितलं, कुठून आलो ते सांगितलं. तिनं मान वर केली नाही. "वहाना काढ," म्हणाली. काढल्या. "पाठमोरा हो." झालो. माझ्या टाचा तिनं बराच वेळ निरखल्या.

"भातातला दिसतोस," ती म्हणाली. "भाताच्या भेगा उभ्या जातात, मिठाच्या आडव्या."

मग पुढे वाकून तिनं माझ्या नडगीवर नखानं एक रेघ ओढली. थंडीनं सुकलेल्या कातडीवर ती पांढरीफटक उमटली. "शालेत खडू नेऊ नको मास्तर," ती म्हणाली, "हितंच बाराखडी लिहून दाव पोरांना." हे माझं स्वागत. खोली मिळाली की नाही ते मला दिवेलागणीपर्यंत कळलं नव्हतं, कारण त्याविषयी ती एक अक्षर बोलली नाही. माझी ट्रंक मात्र तिनं स्वतः आत नेऊन ठेवली होती.

माणसाचं तोंड ती क्वचितच बघे. दारात कुणी आलं की तिची नजर आधी खाली जाई. गावातल्या अर्ध्या माणसांची नावं तिला येत नव्हती, पण कुणाची उजवी टाच फुटली आहे, कुणाच्या भेगेत खडा जाऊन बसला आहे, कोण पावलाच्या कडेवर भार देऊन चालतं, हे सगळं तोंडपाठ. देवळात ती नेहमी शेवटच्या खांबाला टेकून बसे. मला वाटे, एकटी बाई, संकोचानं मागे बसत असेल. एकदा विचारलं तर म्हणाली की नमस्काराला माणूस वाकला की त्याच्या टाचा मागच्यालाच दिसतात, देवाला दिसत नाहीत. मग देवाच्या वतीनं कुणीतरी बघायला नको का.

एकदा शेजारच्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलाकडची मंडळी खाडीपलीकडची, खाऊनपिऊन सुखी. बोलणी झाली, गूळ वाटायचा तेवढा राहिला होता. बोलावणं नसताना आत्या तिथे गेली, बायका बसल्या होत्या त्यांच्या मागून एक फेरी मारली आणि मुलीच्या आईला बाहेर बोलावून सांगितलं की इथे मुलगी देऊ नको. सासूच्या टाचा लोण्यासारख्या आहेत आणि बरोबर आलेल्या थोरल्या सुनेच्या टाचांत बोट जाईल एवढ्या भेगा. एका घरात राहतात ना दोघी, मग पाणी कोण भरतं ते तुझं तूच ओळख, म्हणाली. लग्न मोडलं. मुलीचा बाप महिनाभर आत्याच्या नावानं बोटं मोडत होता. मुलीची आई मात्र त्या दिवसापासून आत्याला दर सोमवारी दूध पाठवायची.

थंडीत अंगाला साबण लावणाऱ्याला ती मूर्ख समजे. मी अलिबागहून आणलेली साबणाची वडी तिनं पहिल्याच आठवड्यात उचलून भांडी घासायला घेतली. अंघोळीआधी खोबरेल चोळायचं, मग डाळीचं पीठ, पाणी कोमट, कढत नाही. कढत पाणी अंगातलं तेल पिऊन टाकतं, असं ती म्हणे. ओठ फुटले तर जिभेनं चाटायचे नाहीत. मी मुलांना वाचून दाखवताना ओठ चाटतो हे तिनं शाळेच्या खिडकीतून पाहिलं आणि भर वर्गात येऊन माझ्या ओठांना तुपाचं बोट फिरवून गेली. मुलं आठवडाभर हसत होती. राग आला होता. ओठ चार दिवसांत बरे झाले, तरी राग काही गेला नाही.

पण तिचं खरं काम टाचांचं, आणि त्याचं औषध कोकमाच्या तेलाचं. उन्हाळ्यात लोक आमसुलं करत आणि बिया फेकत. आत्या घरोघर फिरून त्या बिया मागून आणी आणि वाळवून ठेवी. पावसाळा सरला की फोडायच्या, आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा आणि निवत ठेवायचा. वर पांढरा थर धरतो. तो काढून ती मुठीत दाबून त्याचे गोळे वळी. प्रत्येक गोळ्यावर तिच्या चार बोटांचे ठसे असत. निखाऱ्याशी धरला की गोळा पाघळतो, आणि तो थेंब भेगेत सोडायचा. पहिल्यांदा जीव जातो, मग बरं वाटतं.

आता मिठागराचं सांगायला हवं, त्याशिवाय माझा राग कळायचा नाही.

मिठाचे वाफे थंडीत तयार होतात. खाडीचं पाणी आत घेण्याआधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून दगडासारखा घट्ट करावा लागतो. अनवाणी पायांनीच, कारण दुसऱ्या कशानं तो तसा बसत नाही. बायका-पुरुष रांगेनं उभे राहतात आणि सकाळभर तुडवतात. वरून मतलई वारा, जमिनीकडून येणारा कोरडा वारा, आणि खाली खारट चिखल. पंधरा दिवसांत पाय फुटतात. महिन्यानं भेगा रक्तावर येतात, आणि मग त्या भेगांत मीठ जातं. आपण जखमेवर मीठ चोळणं हे नुसतं म्हणतो. तिथे ती रोजची मजुरी होती.

आणि या पायांना तेल लावायला बंदी होती. मिठागराच्या मालकाला तिकडे शिलोत्री म्हणतात. शिलोत्र्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम असा, की वाफ्यात तेलाचा थेंब गेला तर मीठ नीट धरत नाही. मोसम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मजुरानं पायाला तेल लावायचं नाही. बांधावर मुकादम पाण्यानं भरलेली परात घेऊन बसे. सकाळी प्रत्येकानं परातीत पाय बुडवायचे. पाण्यावर तेलाचा रंग तरंगला की त्या दिवशी घरी. आमचा शिलोत्री काही दुष्ट माणूस नव्हता. शाळेला पाट्या त्यानं दिल्या होत्या, सणाला मुलांना खाऊ पाठवायचा. पण परात म्हटली की परात.

आत्या त्यावर संध्याकाळची वाट काढायची. लोक मिठागरावरून परतायच्या वेळेला ती ओटीच्या पायरीशी कोमट पाण्याचं घंगाळ भरून बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून, शिव्या देऊन पाय बुडवायला लावी. "ये मेल्या, हिकडं ये, पाय हाय का फुटकी कौलं?" पाय भिजले की खरवडायचे, पुसायचे, तेल सोडायचं, वर चिंधी बांधायची. सकाळी रिठ्याच्या पाण्यानं आणि राखेनं घासून धुवायचे म्हणजे परात पास. तिच्या हाताखालून गेलेला माणूस रडत रडत घरी जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येई. कुणी आभार मानले तर ती पाणी उडवून हाकलून द्यायची.

तिच्या या वेडाला गावानं कारणं शोधली होती. कुणी म्हणे नवरा पायाच्या जखमेनं गेला, कुणी म्हणे देवीला नवस आहे. मी एकदा सरळ विचारलं. नवरा तापानं गेला होता आणि नवस वगैरे काही नव्हता. "फुटलेलं दिसतंय म्हनून करते," म्हणाली. "तुला दिसत न्हाय काय?"

मी म्हणालो, दिसतं ना.

दिसत असतं तर पुढे जे झालं ते झालं नसतं.

तिचं एकच अडायचं. रिठ्यानं वरवरच्या भेगा स्वच्छ होत, पण खोल भेगेतलं तेल निघत नसे. म्हणजे ज्याचे पाय सगळ्यांत जास्त फुटलेले, तोच परातीत सापडायचा. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात चांगुणा तीनदा सापडली. चांगुणा आमच्या मागच्या आळीतली, पंचविशीची, नवरा मुंबईला गोदीत. तिची डावी टाच मधोमध अशी दुभंगली होती की ती चवड्यावर चालायची. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन चवड्यावर. तिसऱ्या वेळी शिलोत्र्यानं निरोप दिला की पुन्हा तेल दिसलं तर मोसमभर काम नाही. ती आत्याकडे आली आणि म्हणाली, "आत्ये, आता नको लावू. पाय गेला तरी चालंल, काम गेलं तर न्हाय चालायचं."

आत्या दुसऱ्या दिवशी मिठागरावर गेली. त्याआधी तिनं तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही मागे गेलो, खरं तर गंमत बघायला. बांधावर उभी राहून तिनं सगळ्यांदेखत शिलोत्र्याला सांगितलं की तुझा नियम खोटा आहे. मला एक वाफा दे. चांगुणा रोज सकाळी माझ्या हातचं तेल लावून त्यात उतरेल, तिच्याशिवाय त्यात कुणी उतरायचं नाही. शेजारचा वाफा तुझ्या पद्धतीनं. एकाच दिवशी पाणी घ्या, बाराव्या दिवशी मीठ बघू. माझं मीठ तुझ्या मिठासारखं धरलं तर परात उचलायची. नाही धरलं तर मी मिठागरावरच्या माणसाच्या पायाला परत हात लावणार नाही.

शिलोत्री हसला. तिच्या तोंडाला तोही कंटाळलेला असणार. हो म्हणाला. पण बघणार कोण, ठरवणार कोण? आत्यानं माझ्याकडे बोट केलं. मास्तर शिकलेला आहे, ना इकडचा ना तिकडचा, खोटं बोलायचा नाही. शिलोत्र्यालाही ते पटलं. मला भारी वाटलं हे कबूल करतो. तेवीस-चोविसाव्या वर्षी कुणी आपल्याला प्रामाणिक म्हटलं की छाती फुगते. माझी तर फारच फुगली.

बारा दिवस गावात दुसरा विषय नव्हता. आत्या पहाटे उठून निखारे करी आणि तेलाचा गोळा घेऊन बांधावर जाई. तिथेच चांगुणाच्या टाचांत तेल सोडी, मुकादमाच्या डोळ्यांसमोर. मी रोज शाळेआधी जाऊन दोन्ही वाफ्यांचं पाणी बघे आणि वहीत टिपून ठेवी. पाण्याचा रंग कसा, कडेला पापुद्रा धरला का, वारा कुठला. ती वही मी कितीतरी वर्षं जपून ठेवली होती. बारा दिवसांच्या त्या टिपणांत पाय हा शब्द एकदाही नाही. नंतर एकदा चाळताना ते लक्षात आलं आणि मी ती वही चुलीत घातली.

बाराव्या दिवशी सगळं गाव बांधावर. मी धोतर खोचून दोन्ही वाफ्यांत उतरलो. शिलोत्र्याच्या वाफ्यातलं मीठ टपोरं, पांढरं. आत्याच्या वाफ्यातलं बारीक, ओलसर, आणि एका कोपऱ्यात पाण्यावर पुसट तवंग. मी दोन्हीकडचं मीठ मुठीत घेतलं, चोळलं, जिभेवर ठेवलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी खोटं बोललो नाही. मी म्हणालो, आत्याच्या वाफ्याचं मीठ मागे आहे, दाणा बारीक आहे, धरायला अजून दोन दिवस लागतील.

तो वाफा मुळातच कडेचा होता म्हणून तसं झालं की खरंच तेलानं, हे मला माहीत नाही. पुढे पुष्कळांनी माझं सांत्वन करायला म्हणून ती शंका काढली. मला ती शंका नको आहे. धरून चला की तेलानंच झालं. धरून चला की शिलोत्र्यांचा नियम शंभर टक्के खरा होता. दोन दिवस. मीठ दोन दिवस उशिरा आलं असतं. एवढंच ते.

शिलोत्र्यानं मान डोलावली. लोक पांगू लागले. आत्या वाद घालेल असं मला वाटलं होतं, तिनं घातला नाही. ती चांगुणाकडे गेली आणि तिला म्हणाली, "पाठमोरी हो." चांगुणा मुकादमाच्या खोपटाला धरून पाठमोरी झाली आणि तिनं डावा पाय मागे उचलला. टाच भरून आली होती. जिथे बोट जात होतं तिथे गुलाबी कातडी होती, लहान मुलाच्या टाचेला असते तशी. चवड्यावर चालणारी ती बाई गेले चार दिवस पाऊल टेकून चालत होती आणि मी रोज तिच्या शेजारून वाफ्यातलं पाणी बघत गेलो होतो.

"आनि हे?" आत्यानं मला विचारलं.

तेव्हा मी जे बोललो ते अक्षरशः असं: "पायाचं ठरलं नव्हतं, आत्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. टाचांकडे नाही, तोंडाकडे. मग म्हणाली, "व्हय. ते माजंच चुकलं." आणि निखाऱ्याचं मडकं उचलून घरी गेली.

त्या संध्याकाळी घंगाळ बाहेर आलं नाही. तिनं शब्द दिला होता, तिनं पाळला. गावातल्या इतरांना, म्हाताऱ्यांना, पोरांना, मला, तेल मिळत होतं, शिव्याही मिळत होत्या. पण मिठागरावरचं कुणी रस्त्यानं दिसलं की ती उठून आत जाई, टाचा दिसू नयेत म्हणून. मला तिचा आजही संताप येतो. कसला शब्द आणि कुणाला दिलेला? ज्या माणसाला परात महत्त्वाची वाटते त्याला दिलेला शब्द पाळायचं काय कारण होतं? तिनं गुपचूप लावलं असतं तर मी काय फाशी देणार होतो? हे मी तेव्हाच तिला बोलायला हवं होतं. बोललो नाही, कारण आतून मला ते सोयीचं होतं. ती शब्द पाळत होती तोवर मीही प्रामाणिक ठरत होतो.

इथे एक नंतरची गोष्ट सांगून टाकतो. तीस साली देशभर मिठाचं वारं होतं. तोवर माझी त्या गावातून बदली झाली होती. तालुक्याच्या गावी सभा होती, मी खादीची टोपी घालून मधल्या रांगेत बसलो होतो. मुंबईचे वक्ते आले होते. त्यांनी मूठभर मीठ वर धरलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या थांबल्या तेव्हा मागून एक बाईचा आवाज आला. "ते काडनाऱ्याचं पाय बगितलंस काय कंदी?" मी वळून न बघताच ओळखलं. लोकांनी तिला खाली बसवलं. वक्त्यांनी हात जोडले आणि भाषण पुढे चालू केलं. मी उठून म्हणू शकलो असतो की ती काय विचारते आहे ते मला माहीत आहे, ऐका तिचं. मी टोपी सारखी केली आणि बसून राहिलो. सभा संपल्यावर तिला शोधलं, ती निघून गेली होती. ती आमची शेवटची भेट, भेट म्हणावी तर.

तर चांगुणा. त्या वाफ्यांच्या पैजेनंतरच्या थंडीत, म्हणजे माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात, ती पुन्हा तुडवायला गेली. टाच पुन्हा फुटली, तिथेच, मधोमध. पौषात पाय घोट्यापर्यंत सुजला. ती कुणाला बोलली नाही, चिंध्या बांधून जात राहिली. ताप भरून बांधावर पडली तेव्हा शिलोत्र्यानंच आपला पडाव, मीठ वाहायची होडी, देऊन तिला अलिबागला पोचवलं. मी म्हटलं ना, तो दुष्ट नव्हता. डॉक्टरनं सांगितलं की चार दिवस आधी आणली असती तर वेगळं होतं. डावा पाय घोट्याच्या वरून काढला. ती जगली.

ती गावात परत आली त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, आत्या माझ्या खोलीत आली. तिच्या हातात घंगाळ होतं आणि पदरात तेलाचे गोळे. तिनं दोन्ही माझ्यापुढे ठेवलं.

"शब्द मी दिलाय. तू दिलायस काय?"

मी नाही म्हणालो.

"मग तू बस."

मला कळायला वेळ लागला. मग कळलं. मी मास्तर. आईबापांच्या पायांखेरीज कुणाच्या पायाला मी हात लावलेला नव्हता. रस्त्यावर, सगळ्या गावादेखत, मिठागरावरच्या माणसांचे पाय धुवायला बसायचं. शाळेच्या कमिटीत शिलोत्री होता. माझं पोट त्या नोकरीवर होतं आणि येत्या वैशाखात माझं लग्न ठरलेलं होतं. हे सगळं मी तिला सांगितलं, बऱ्यापैकी आवाज चढवून. तिनं ऐकून घेतलं. एवढं बोललो तरी शिवी दिली नाही. घंगाळ तिनं स्वतः उचलून पायरीशी नेलं, चुलीवरचं पाणी त्यात ओतलं, निखाऱ्याचं मडकं शेजारी ठेवलं आणि बाजूला होऊन खांबाला टेकून उभी राहिली.

मी जाऊन बसलो. धीर आला म्हणून नाही. तिथे तसं उभं राहणं मला सहन होईना म्हणून.

मिठागरावरून माणसं येऊ लागली. माझ्याकडे बघून थांबत आणि पुढे जात. मास्तरापुढे पाय करायचा कुणाला धीर होईना, मला हाक मारायचा होईना. पाणी निवत चाललं. मला वाटलं, चला, कुणी येत नाही, सुटलो. माझ्या मनात हेच आलं होतं, ते का लपवू.

मग मागच्या आळीतून काठीचा आवाज आला. चांगुणा हळूहळू आली, पायरीवर बसली, काठी बाजूला ठेवली. लुगड्याचा काठ तिनं डाव्या बाजूला ओढून घेतला आणि उजवा पाय घंगाळात सोडला. "पानी निवलंय मास्तर," म्हणाली. तक्रार नव्हती तिची, नुसतं सांगितलं. सगळा भार आता त्या एका पायावर होता आणि त्या टाचेला दोन नव्या भेगा गेल्या होत्या. आडव्या.

पाय भिजला. मी तो पुसला. तेलाचा गोळा निखाऱ्याशी धरला तर पहिला थेंब जमिनीवर पडला. मागून आत्याचा आवाज आला. चिडलेला होता, पण हळू.

"नीट बग, मास्तर. मीठ बगितलंस तसा बग."

मी ओटीवरचा कंदील जवळ ओढला आणि चांगुणाची टाच हातात घेतली.